अँड्रॉइड अ‍ॅपच्या साइनिंगचा घोळ: नवी किल्ली बनवण्याआधी काय काय तपासायचं

पुढच्यापैकी एखादं लक्षण तुमच्याकडे दिसत असेल, तर ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- फोनवर अ‍ॅप टाकताना ‘इन्स्टॉल फेल्ड अपडेट इनकम्पॅटिबल’ असा एरर येतो, किंवा फोन नुसतंच ‘अ‍ॅप इन्स्टॉल झालं नाही’ म्हणतो.
- प्ले कन्सोलवर (डेव्हलपरांसाठीचं प्ले स्टोअरचं पान) बंडल (स्टोअरला पाठवायची अ‍ॅपची फाइल) चढवलं की ‘चुकीच्या किल्लीने साइन केलंय’ असा निरोप येतो आणि खाली दोन लांबलचक शा-१ आकडे (किल्ल्यांच्या ओळखखुणा) दिसतात. किंवा ‘डिबग मोडमध्ये साइन केलंय’ म्हणून बंडल परत येतं.
- तुमच्या लॅपटॉपवरून टाकलेल्या अ‍ॅपमध्ये गूगल लॉगिन बरोबर चालतं, पण तेच अ‍ॅप प्ले स्टोअरवरून घेतलं की लॉगिनला एरर १० येतो. किंवा नकाशाच्या जागी नुसता करडा चौकोन दिसतो.
- बिल्डच (कोडपासून अ‍ॅपची फाइल तयार होणं) पुढे जात नाही. कीस्टोअरबद्दल, म्हणजे किल्ली ज्या पासवर्डबंद फाइलीत असते तिच्याबद्दल, कधी ‘कीस्टोअर फाइल नॉट फाउंड’, कधी ‘कीस्टोअर वॉज टॅम्पर्ड विथ, ऑर पासवर्ड वॉज इनकरेक्ट’, कधी ‘फायनल ब्लॉक नॉट प्रॉपर्ली पॅडेड’.
- अँड्रॉइड स्टुडिओत बिल्ड होतं, टर्मिनलवर मात्र ‘अनसपोर्टेड क्लास फाइल मेजर व्हर्जन’ येऊन सगळं थांबतं.

छोट्या कंपन्यांची आणि एकट्याने काम करणाऱ्या डेव्हलपरांची अ‍ॅप मी बऱ्याच वर्षांपासून प्ले स्टोअरवर चढवून देतो. ही यादी माझ्याकडे फिरून फिरून येते. शेवटचं लक्षण सोडलं तर बाकी बहुतेक वेळा मुळाशी एकच प्रश्न असतो: ही फाइल कोणत्या किल्लीने साइन झाली, आणि समोरच्याला कोणती किल्ली अपेक्षित होती? चेकवरची सही बँक आपल्याकडच्या नमुन्याशी ताडून बघते, तसं इथे फोन, प्ले स्टोअर आणि गूगलचा लॉगिन सर्व्हर प्रत्येक जण आपापल्या नोंदीतल्या नमुन्याशी ताडून बघतो. नमुना जुळला नाही की काम अडतं.

आधी हे करू नका

नवं कीस्टोअर बनवू नका. एरर आला की माणूस पहिल्यांदा तेच करतो, कारण स्टुडिओच्या साइनिंगच्या खिडकीत ‘क्रिएट न्यू’चं बटण हाताशीच असतं. जुनंच फाइलनाव, तोच पासवर्ड, तोच एलियास (कीस्टोअरमधलं किल्लीचं नाव) दिला तर तीच किल्ली तयार होईल असं बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. तसं होत नाही. दर वेळी किल्ली बनवताना तिचे आकडे नव्याने यादृच्छिक पडतात, त्यामुळे तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे शा-१सारखा ओळखीचा आकडा, कधीच सारखा येत नाही. उलट एकाच नावाच्या दोन फाइली झाल्या की खरी कोणती हे शोधण्यात दिवस जातो.

म्हणून सुरुवातीला आहे ते कीस्टोअर पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवा. मग पुढे चला.

१. फिंगरप्रिंट वाचा

याला पैसे लागत नाहीत, फाइलीत काही बदलत नाही, आणि पुढच्या निम्म्या तपासण्या यातच आटोपतात.

तुमच्या अ‍ॅपशी साधारण तीन किल्ल्यांचा संबंध असतो. पहिली डिबग किल्ली, टेस्टिंगच्या बिल्डसाठीची. ती स्टुडिओ तुमच्या होम फोल्डरमधल्या ‘डॉट अँड्रॉइड’ फोल्डरमध्ये आपणहून बनवतो. तिचा पासवर्ड सगळीकडे ‘अँड्रॉइड’ हाच असतो, पण किल्ली मात्र प्रत्येक लॅपटॉपवर वेगळी असते. दुसरी अपलोड-की, जिने तुम्ही प्ले कन्सोलवर पाठवायचं बंडल साइन करता. तिसरी अ‍ॅप साइनिंग-की. लोकांच्या फोनवर पोहोचणारं अ‍ॅप तिने साइन होतं आणि ती गूगलच्या ताब्यात असते. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवरच्या नव्या अ‍ॅपना बंडल सक्तीचं झालं आणि त्याबरोबर ही व्यवस्थाही. त्याआधीची काही अ‍ॅप अजून एकाच, स्वतःजवळच्या किल्लीवर चालतात. तुमचं अ‍ॅप कोणत्या गटातलं आहे ते आत्ताच बघून ठेवा. पुढे त्यावर बरंच काही ठरतं.

कीस्टोअरमधली किल्ली बघायला कीटूल (जावाबरोबर येणारं किल्ल्यांचं टूल) वापरा, ‘लिस्ट’ आणि ‘व्ही’ हे पर्याय देऊन. टर्मिनलला कीटूल सापडत नसेल तर ते स्टुडिओच्या ‘जेबीआर’ फोल्डरमध्ये, ‘बिन’च्या आत असतं. वेगळं जावा उतरवायची गरज नाही. प्रोजेक्टमधली सगळी व्हेरियंट (डिबग, रिलीज वगैरे) कोणकोणत्या किल्लीने साइन होणार आहेत हे एका झटक्यात बघायचं असेल तर ग्रेडलचं (बिल्ड करणारं टूल) ‘साइनिंग रिपोर्ट’ हे टास्क चालवा. तयार एपीके (फोनवर बसणारी अ‍ॅपची फाइल) तपासायला एपीके-साइनर, ‘व्हेरिफाय’ आणि ‘प्रिंट सर्ट्स’ देऊन. एपीकेवर कीटूल चालवाल तर ‘ही फाइल साइन केलेलीच नाही’ असं उत्तर येऊ शकतं. घाबरू नका. कीटूलला फक्त जुन्या, पहिल्या पद्धतीची सही वाचता येते, आणि अ‍ॅप अँड्रॉइड ७ व त्यापुढच्या फोनांपुरतंच असेल तर ती सही हल्ली एपीकेत घातलीच जात नाही. बंडलवर मात्र जुन्याच पद्धतीची सही असते, त्यामुळे तिथे कीटूल चालतं.

प्ले कन्सोलमध्ये अ‍ॅप साइनिंगचं पान आहे. तिथे अपलोड-की आणि अ‍ॅप साइनिंग-की, दोन्हींचे फिंगरप्रिंट दिसतात. सगळे आकडे एका कागदावर किंवा साध्या टेक्स्ट फाइलमध्ये एकाखाली एक लिहून घ्या. शा-१ म्हणजे वीस जोड्या. पहिल्या तीन आणि शेवटच्या तीन जोड्या ताडल्या तरी कोणती किल्ली कुठली हे कळतं.

फ्लटर (अ‍ॅप बनवायचं गूगलचं आणखी एक साधन) वापरणाऱ्यांनी इथेच आणखी एक गोष्ट बघावी. फ्लटरचा नवा प्रोजेक्ट बनवला की रिलीज बिल्डही डिबग किल्लीनेच साइन होईल अशी सोय टेम्प्लेटमध्ये असते, वर ‘इथे स्वतःचं कॉन्फिग घाला’ अशी टीप. ती टीप न वाचता बंडल चढवलं की ‘डिबग मोडमध्ये साइन केलंय’ हा निरोप ठरलेला.

२. फोनवर जुनी प्रत आहे का

‘अपडेट इनकम्पॅटिबल’ असेल तर आधी हे बघा. त्याच पॅकेज नावाचं (अ‍ॅपची आतली, एकमेव ओळख), पण वेगळ्या किल्लीचं अ‍ॅप फोनवर आधीपासून असलं की फोन त्यावर दुसरं चढू देत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर तुमच्या बँकेच्या अ‍ॅपवर कुणीही आपलं अ‍ॅप बसवलं असतं.

जुनं अ‍ॅप काढलं की प्रश्न सुटतो. पण अ‍ॅप काढलं की त्यातला साठवलेला डेटाही जातो. स्वतःच्या टेस्टिंगच्या फोनवर खुशाल काढा. दुकानदाराच्या फोनवर, जिथे उधारीची वही त्याच अ‍ॅपमध्ये आहे, तिथे आधी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका.

काढूनही तोच एरर येत असेल तर फोनवर वर्क प्रोफाइल, सेकंड स्पेस किंवा ड्युअल अ‍ॅप चालू आहे का बघा. एका यूझरमधून काढलेलं अ‍ॅप दुसऱ्याकडे शिल्लक राहतं आणि पडद्यावर कुठे दिसत नाही. सेटिंगमधल्या अ‍ॅपच्या पानावर ‘सगळ्या यूझरसाठी काढा’ असा पर्याय मिळतो, किंवा लॅपटॉपवरून एडीबीने (फोनला आज्ञा देणारं अँड्रॉइडचं टूल) अनइन्स्टॉल करा.

कायमचा उपाय म्हणून डिबग बिल्डच्या पॅकेज नावाला ‘डॉट डिबग’ असं शेपूट लावा. मग प्ले स्टोअरवरचं अ‍ॅप आणि तुमचं कामाचं अ‍ॅप एकाच फोनवर शेजारी नांदतात. फक्त त्या नव्या पॅकेज नावाची नोंद फायरबेसमध्ये (लॉगिनसारख्या सोयी पुरवणारी गूगलची सेवा) वेगळी करावी लागते, हे विसरू नका.

३. लॉगिन आणि नकाशा: नोंद कोणत्या किल्लीची आहे

माझ्याकडे सर्वांत जास्त येणारं दुखणं हे. डेव्हलपर शपथेवर सांगतो, ‘मी शा-१ टाकलाय.’ टाकलेला असतोच, पण डिबग किल्लीचा. थोडा अनुभवी असेल तर अपलोड-कीचासुद्धा. लोकांच्या फोनवर जे अ‍ॅप पोहोचतं ते मात्र गूगल अ‍ॅप साइनिंग-कीने पुन्हा साइन करतो. तुमची अपलोड-की फक्त तुमच्यापासून प्ले कन्सोलपर्यंतच्या प्रवासापुरती. त्यामुळे स्टोअरवरून आलेल्या अ‍ॅपचा फिंगरप्रिंट लॉगिन सर्व्हरला अनोळखी वाटतो आणि एरर १० येतो.

फायरबेसच्या प्रोजेक्ट सेटिंगमध्ये तिन्ही फिंगरप्रिंट टाका. एकाच अ‍ॅपला कितीतरी टाकता येतात. मग कॉन्फिगची जेसन फाइल पुन्हा उतरवून प्रोजेक्टमध्ये ठेवा. नकाशाची एपीआय-की गूगल क्लाउडमध्ये पॅकेज नाव आणि शा-१ यांना बांधलेली असते, तिथेही अ‍ॅप साइनिंग-कीचा आकडा भरा. नकाशा करडा दिसत असेल तर फोन लॅपटॉपला जोडून लॉगकॅट (फोनवरच्या नोंदी दाखवणारी स्टुडिओची खिडकी) उघडा. मॅप्सची लायब्ररी तिथे कोणतं पॅकेज आणि कोणता फिंगरप्रिंट नोंदवायला हवा ते थेट छापते, अंदाज बांधत बसावं लागत नाही. वेबसाइटच्या लिंकवरून अ‍ॅप उघडत नसेल तर साइटवरच्या असेटलिंक्स फाइलमध्ये (साइट कोणत्या अ‍ॅपशी जोडलीय ते सांगणारी) बघा. तिथे शा-२५६ लागतो, आणि तोही अ‍ॅप साइनिंग-कीचाच.

एक कोपरा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. प्लेमधलं ‘इंटर्नल टेस्टिंग’ आणि ‘इंटर्नल अ‍ॅप शेअरिंग’ ही नावं सारखी वाटतात, पण दुसऱ्या प्रकारात गूगल खास त्यासाठी बनवलेल्या वेगळ्याच किल्लीने अ‍ॅप साइन करतो. शेअरिंगच्या लिंकवरून घेतलेल्या अ‍ॅपमध्येच लॉगिन अडत असेल तर त्या टेस्ट सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंटही नोंदवा.

४. पाथ आणि पासवर्ड

बिल्ड कीस्टोअरपाशी अडत असेल तर आता फाइली उघडायच्या.

‘फाइल नॉट फाउंड’ असेल तर पूर्ण निरोप वाचा, ग्रेडल कुठे शोधतंय तो पाथ त्यात असतो. अ‍ॅप मॉड्यूलच्या बिल्ड फाइलमध्ये साधा रिलेटिव्ह पाथ दिला तर तो ‘अ‍ॅप’ फोल्डरपासून मोजला जातो, प्रोजेक्टच्या मुळापासून नाही. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. विंडोजवर आणखी एक खोच आहे: पाथ आणि पासवर्ड ज्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये लिहितात, तिथे बॅकस्लॅश हे साधं अक्षर नाही. त्याच्या पुढे ‘एन’ आला तर त्या जागी नवी ओळ तयार होते, दुसरं एखादं साधं अक्षर आलं तर बॅकस्लॅश नुसता गळून पडतो. पाथ फॉरवर्ड स्लॅशने लिहा.

‘टॅम्पर्ड विथ’ हा निरोप वाचून फाइल बिघडली असं वाटतं. बहुतेक वेळा पासवर्डच चुकलेला असतो. आणि पासवर्ड ‘बरोबर’ असूनही चुकतो, तो असा: एका टीममध्ये तोच पासवर्ड एकाच्या लॅपटॉपवर चालत होता, दुसरीच्या नाही. दोघांच्या पडद्यावर ओळ अक्षरशः सारखी दिसत होती. तिच्या फाइलमध्ये त्या ओळीवर कर्सर ठेवून एंड दाबलं, तर तो शेवटच्या अक्षराला चिकटून न थांबता एक घर पुढे जाऊन थांबला. व्हॉट्सअ‍ॅपवरून कॉपी करताना मागे एक स्पेस आली होती. प्रॉपर्टीज फाइल वाचताना जावा ओळीतल्या व्हॅल्यूच्या आधीच्या स्पेस टाकून देतं, शेवटच्या मात्र जशाच्या तशा ठेवतं, आणि ती स्पेस पासवर्डचा भाग होऊन बसते. म्हणून एंड दाबून बघाच.

मराठी कीबोर्ड वापरणाऱ्यांनी आणखी एक बघायचं. पासवर्ड विचारताना टर्मिनल अक्षरं दाखवत नाही. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर अंक देवनागरीत पडू शकतात, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही. आधी साध्या नोटपॅडमध्ये टाइप करून बघा. पासवर्ड मुद्दाम देवनागरीत ठेवणंही टाळा. बहुतेक प्रोजेक्टमध्ये प्रॉपर्टीज फाइल ज्या पद्धतीने वाचली जाते, तिथे जावा लॅटिन-१ धरून चालतं आणि देवनागरी अक्षरांचा चुराडा होतो.

‘फायनल ब्लॉक’वाला निरोप वेगळा. इथे कीस्टोअर उघडलं, आतली किल्ली उघडली नाही. जुन्या जेकेएस फाइलीत दोन पासवर्ड वेगळे ठेवता यायचे. जावा ९ पासून कीटूल पीकेसीएस-१२ प्रकारची फाइल बनवतं आणि तिथे दोन्ही पासवर्ड एकच असतात. की-पासवर्डच्या जागी स्टोअर-पासवर्ड घालून बघा.

सीआय सर्व्हरवर (आपोआप बिल्ड करणारा सर्व्हर) कीस्टोअर बेस-६४ करून, म्हणजे साध्या अक्षरांत बदलून, सीक्रेट (लपवून ठेवलेली नोंद) म्हणून ठेवलं असेल तर तिथे उलगडलेल्या फाइलीचा आकार मूळ फाइलीशी ताडा. शून्य बाइट असेल तर सीक्रेटचं नाव चुकलंय. थोडा फरक असेल तर कॉपी करताना ओळी तुटल्यात. पासवर्डला दोष देण्याआधी एवढं बघाच.

५. जावा आणि फोल्डर

‘मेजर व्हर्जन’चा किल्लीशी संबंध नाही, पण लोक ते साइनिंगचंच दुखणं समजून कीस्टोअर उचकायला लागतात. ५५ म्हणजे जावा ११, ६१ म्हणजे १७, ६५ म्हणजे २१. निरोपातला आकडा ज्या जावाचा आहे, ते तुमच्या ग्रेडलला पचत नाहीये. अँड्रॉइड ग्रेडल प्लगइन ८ ला जावा १७ लागतं. स्टुडिओ स्वतःचं जावा वापरतो आणि टर्मिनल जावा-होम या सेटिंगमधलं, म्हणून एकीकडे चालतं, दुसरीकडे नाही. ग्रेडल रॅपरला ‘व्हर्जन’ विचारा, ते कोणत्या जावावर चाललंय हे सांगतं. फ्लटरमध्ये ‘डॉक्टर’ला ‘व्ही’ देऊन चालवा.

विंडोजवर प्रोजेक्ट ‘माझं अ‍ॅप’ अशा देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये असेल तर बिल्ड सुरुवातीलाच अडतं. ती तपासणी बंद करायची सोय आहे, पण मी ती कधीच सुचवत नाही. पुढे एखादं टूल भलत्याच जागी कोलमडतं आणि कारण सापडत नाही. फोल्डर रोमन अक्षरांत, स्पेस न ठेवता, ड्राइव्हच्या मुळाशी हलवा.

६. किल्ली खरंच हरवली असेल तर

प्ले कन्सोलला हवा असलेला फिंगरप्रिंट तुमच्याकडच्या एकाही फाइलीशी जुळत नाही, असं झालं तर शोध घ्यायचा. जुना लॅपटॉप, सीआयची सीक्रेट्स, ड्राइव्ह, सोडून गेलेल्या डेव्हलपरला पाठवलेले मेल. होम फोल्डरमधली ग्रेडल प्रॉपर्टीजही उघडून बघा, पासवर्ड बऱ्याचदा तिथे असतो. सापडलेल्या प्रत्येक कीस्टोअरचा फिंगरप्रिंट आधी कागदावरच्या आकड्याशी ताडा, बिल्ड नंतर.

नाहीच मिळाली, आणि अ‍ॅप प्लेच्या साइनिंग व्यवस्थेत असेल, तर जीव टांगणीला लावू नका. अपलोड-की बदलून मिळते. आता, आणि फक्त आता, नवी किल्ली बनवा. कीटूलने तिचं सर्टिफिकेट पीईएम फाइल म्हणून काढा आणि अ‍ॅप साइनिंगच्या पानावरून रीसेटची विनंती पाठवा. ती विनंती खात्याच्या मालकालाच करता येते. नवी किल्ली लगेच चालत नाही. कधीपासून चालेल ते कळवलं जातं, तोवर बंडल चढवत बसू नका. अ‍ॅप साइनिंग-की तीच राहते, त्यामुळे लोकांच्या फोनवर काहीही बदलत नाही, त्यांना नेहमीसारखंच अपडेट मिळतं.

इथे थांबा

प्लेच्या साइनिंग व्यवस्थेत नसलेल्या जुन्या अ‍ॅपची एकुलती एक किल्ली हरवली असेल, तर ती कुणीही परत आणू शकत नाही. ‘काढून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. नव्या पॅकेज नावाने नवं अ‍ॅप काढणं एवढाच मार्ग उरतो, आणि जुन्या ग्राहकांना तिकडे कसं न्यायचं हे अ‍ॅपच्या मालकाबरोबर बसून ठरवावं लागतं. त्यांना न विचारता एकट्याने हा निर्णय घेऊ नका.

पासवर्ड आठवत नसेल तर माहीत असलेले सगळे घालून बघा, मग थांबा. पासवर्ड शोधून देणाऱ्या कुठल्याही वेबसाइटवर कीस्टोअर चढवू नका. ती फाइल दिली म्हणजे तुमच्या नावाने सही करायचा अधिकारच देऊन टाकला.

कीस्टोअर आणि पासवर्ड सार्वजनिक गिटवर गेले असतील तर नुसता कमिट (गिटमधली बदलाची नोंद) उडवून भागत नाही, ती फाइल कुणी उतरवली असेल हे कळायला मार्ग नसतो. अपलोड-की असेल तर त्याच दिवशी रीसेट मागा. खुद्द अ‍ॅप साइनिंग-की असेल, आणि अ‍ॅप पैशांच्या व्यवहाराचं किंवा दवाखान्याच्या नोंदींचं असेल, तर सिक्युरिटीचं काम करणाऱ्या माणसाला बोलवा. साइनिंग-की फिरवायची सोय अँड्रॉइड ९ पासून आहे, पण त्याहून जुने फोन जुनीच सही ओळखतात. हा बदल आयुष्यात पहिल्यांदा करणाऱ्याने तो चालू अ‍ॅपवर करू नये.

प्ले कन्सोलचं खातं तुमच्या ताब्यात नसेल तरी थांबा. पासवर्ड मागून दुसऱ्याच्या खात्यात शिरण्यापेक्षा मालकाकडून स्वतःच्या ईमेलवर हवी तेवढीच परवानगी घ्या.

सुटल्यावर

कीस्टोअर दोन वेगळ्या जागी ठेवा, पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. त्याच नोंदीत एलियास, शा-१, शा-२५६ आणि मुदत लिहा. प्लेला २२ ऑक्टोबर २०३३ नंतर संपणारी मुदत लागते, म्हणून किल्ली बनवताना पंचवीस वर्षं किंवा जास्त द्या. टीममध्ये दोन-चार जण असतील तर सगळ्यांनी एकच डिबग कीस्टोअर वापरा आणि ते खासगी रेपोमध्ये ठेवा. त्यातला पासवर्ड तसाही जगाला माहीत आहे, आणि नवा माणूस आला की फायरबेसमध्ये आणखी एक शा-१ घालायची वेळ येत नाही.